दादरचा देवदार

आमच्या बंगल्याच्या पुढच्या अंगणात दोन मजले उंच एक झाड होतं. ते अण्णांनी तत्त्वासाठी पाडलं. झाड ॲरोकेरियाचं, पण ते नाव आमच्या घरात धड कुणाला उच्चारता येत नसे, म्हणून सगळे त्याला नाताळचं झाड म्हणत. ज्या साहेबाकडून अण्णांनी बंगला घेतला, त्याच्या मडमेने ते लावलं होतं. साहेब गेला, मडम गेली, तिच्या पियानोच्या जागी अण्णांची कायद्याची कपाटं आली, पण झाड आपलं फांद्यांचे मजले चढवत उभंच होतं. त्याला कुणी पाणी घालत नसे, खत तर दूरच. दादरची खारी, चिकट, धुरकट हवा त्याला अशी काही मानवली होती की मडमेच्या देशातही त्याचं इतकं बरं चाललं नसतं. आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, आमच्या घरात कुणाच्याही उपकाराशिवाय जगणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि त्यालाच आम्ही आधी काढलं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, वकील. आमचा बंगला दादरच्या पूर्वेला, माटुंग्याकडे जाणाऱ्या एका गल्लीत. संध्याकाळी ट्रामची घंटा आणि नायगावकडच्या गिरणीचा भोंगा यांच्या मधल्या वेळात आमच्या व्हरांड्यात पाच-सात मंडळी जमत आणि चळवळ सुरू होई. चळवळीला चहा लागे, चहाबरोबर पोहे लागत, आणि पोह्यांवर ओलं खोबरं कमी पडलं तर दिल्लीच्या अन्यायाबद्दलचा आवेशही थोडा कमी पडे. खोबरं खवायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. त्या वर्षांत आमच्या घरात 'जेवायला चला' या शब्दांपेक्षा 'मुंबईसह' हा शब्द जास्त वेळा ऐकू येई. शहरात गोळीबार झाला त्या आठवड्यात संचारबंदी होती, भाजी मिळत नव्हती, आम्ही आठ दिवस मेतकूट-भात खात होतो आणि लांबून आवाज येत होते. अण्णा त्या आठवड्यात खिडकीपासूनही चार हात दूर होते. संचारबंदी उठल्यावर मात्र त्यांचा आवाज पूर्वीपेक्षा मोठा झाला.

त्या दिवसांत एका संध्याकाळी व्हरांड्यातल्या कुणीतरी पोह्यांची बशी खाली ठेवत सहज विचारलं, की वकीलसाहेब, मुंबई आपली म्हणता आणि दारात झाड मात्र साहेबाचं कसं? बोलणाऱ्याने थट्टा केली होती. पण अण्णांना थट्टा ऐकू येत नसे, त्यांना फक्त मुद्दा ऐकू येई. पुढच्या रविवारी करवतवाले आले. झाड पडायला सबंध दिवस लागला, आणि सोमवारी दुपारी कळलं की ते पश्चिमेचं ऊन अडवत होतं, कारण आता ते ऊन थेट अण्णांच्या टेबलावर येऊ लागलं. अण्णा कपाळावर पंच्याची घडी ठेवून दावे लिहू लागले. तेव्हा ठरलं की तिथे झाड हवं, पण देशी हवं. आई म्हणाली, आंबा लावा. अण्णा म्हणाले, आंबा कुणीही लावतो. खरी गोष्ट अशी होती की त्या पाडलेल्या झाडाचा उभा निमुळता आकार त्यांना मनातून आवडत असे, आणि तसाच आकार त्यांना पुन्हा हवा होता, फक्त तो आपला असायला हवा होता. आपल्या देशात तसं झाड म्हणजे देवदार. अण्णांचे एक वर्गमित्र सिमल्याकडे नोकरीला होते. त्यांना पत्र गेलं, आणि महिन्याभराने त्यांचा भाचा वनस्पती तुपाच्या डब्यात एक रोप घेऊन दारात उभा राहिला. रोप माझ्या कोपरापर्यंत येईल एवढं होतं. निळसर हिरव्या सुयांचे झुबके, शेंडा किंचित वाकलेला, आणि लांबच्या प्रवासाने आलेली एक प्रकारची नाराजी.

बाग बघायला आमच्याकडे लक्ष्मण येई. तो वरळीच्या बी.डी.डी. चाळीत राहायचा आणि सकाळी चालत दादरला यायचा. पूर्वी परळला एका गिरणीच्या मॅनेजरच्या बंगल्यावर तो बागकाम करत असे. पंचेचाळिशीचा, काटक, मिशा बारीक कातरलेल्या, आणि मातीत हात असताना माणसांशी न बोलणारा. तुपाचा डबा त्याने उन्हात धरून सगळीकडून फिरवून पाहिला, सुयांवरून बोट फिरवलं, आणि हे कुठल्या हवेतलं म्हणून विचारलं. अण्णांनी त्याला हिमालय ते कन्याकुमारी हा देश कसा एक आहे ते दहा मिनिटं समजावून सांगितलं. लक्ष्मणने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, हिमालय आपला हाय. पण गारवा आपला नाय." अण्णा म्हणाले, मग गारवा दे. ते वाक्य त्यांनी अशिलाला तारीख देतात तसं दिलं आणि आत गेले. गारवा कुठून आणायचा, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि पुढे कधी विचारलंही नाही.

लक्ष्मणने मात्र ते काम अंगावर घेतलं. त्याने जमीन उंच करून घेतली, खाली विटांचे तुकडे आणि रेती भरली, पश्चिमेकडून चटईचा आडोसा केला. उन्हाळा लागला तसा तो रोज अकराच्या सुमाराला बागेतून निघून जाई आणि बाराला पाठीवर ओलं पोतं घेऊन मागच्या फाटकाने परत येई. मागच्या नळावर पोतं खळखळून धुई. पोत्यात बर्फ असे. तो बर्फ तो देवदाराच्या आळ्यात लाकडाच्या भुशावर पसरी, वर ओलं गोणपाट टाकी, आणि मग पाच मिनिटं तिथेच उकिडवा बसून राही. मी शाळेला सुटी असली की मागच्या दारातून बघत असे. त्याचं ते बसणं मला विचित्र वाटे. आजारी मुलाजवळ बसतात तसं तो बसायचा, हात लावायचा नाही, नुसता बघायचा. वैशाखात, जेव्हा आमच्या घरातली माणसंसुद्धा माना टाकून पडत, त्या झाडाला शेंड्याशी पोपटी रंगाची नवी फूट आली. ती मला दाखवताना लक्ष्मण पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलला. म्हणाला, "ताई, हे बघा, ह्याला कळलंय आपण ह्याच्यासाठी करतोय ते."

झाडाला काय कळलं ते मला माहीत नाही. आत्याला मात्र भलतंच कळलं. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, आणि आमच्या देवघराची, स्वयंपाकघराची व एकूण पावित्र्याची सर्वाधिकारी. कांदा-लसूण घरात येत असे तो तिच्या नजरेआडून, एखाद्या चोरट्या मालासारखा. झाडाच्या नावात देव आहे एवढं तिने ऐकलं होतं. एका दुपारी सोवळ्याचे कपडे वाळत घालायला ती पुढे आली, तिचा पाय आळ्याजवळच्या मातीवर पडला, आणि माती थंडगार लागली. बाहेर अंग भाजत होतं आणि या झाडाखाली गारवा. ती आत आली आणि आईला म्हणाली, की हे साधं झाड नव्हे, याच्या मुळाशी हिमालय आहे. गोणपाट उचलून बघावं असं तिला वाटलं नाही. श्रद्धेचा हा एक मोठा फायदा असतो, गोणपाट उचलावं लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून देवदाराला हळदकुंकू सुरू झालं, गुरुवारी फुलं, पौर्णिमेला नैवेद्य. गल्लीतल्या बायका येऊन मातीला हात लावून 'अगंबाई' म्हणून जाऊ लागल्या. त्याच सुमाराला सगळ्या गल्लीतली मांजरं आमच्या अंगणात येऊन देवदाराभोवती बसू लागली. आत्या त्यांनाही हाकलू देत नसे. मुकी जनावरंसुद्धा दर्शनाला येतात, असं ती डोळ्यांत पाणी आणून सांगे.

अण्णांना हे सगळं पसंत नव्हतं, पण उपयोगाचं होतं. ते पुरोगामी होते, आणि पुरोगामी माणसाच्या घरात पूजा करायला एक बहीण असली की त्याचं सगळंच सोयीचं होतं. व्हरांड्यातली मंडळी आता अंगणात खुर्च्या मांडून देवदाराशेजारी बसत. अण्णांनी एका साप्ताहिकात त्या झाडावर लेखही लिहिला. हिमालयाचा पुत्र जर सह्याद्रीच्या मातीत रुजतो, तर मुंबई महाराष्ट्रात का राहू शकत नाही, असा काहीतरी त्याचा आशय होता. आज तो लेख वाचला तर त्यातून नेमकं उलटही सिद्ध करता येईल, पण तेव्हा लोकांनी पत्रं पाठवून कौतुक केलं. लेखात लक्ष्मणचं नाव नव्हतं. 'थोडीशी निगा' असा एक उल्लेख होता, तो मी पाहून ठेवला आहे.

पावसाळा लक्ष्मणने पार पाडला, पाणी साचू न देता. दसऱ्याच्या आधी त्याने चार दिवसांची रजा मागितली. नागपूरला जायचं आहे म्हणाला. त्या साली त्याच्या समाजाने जुना धर्म सोडून बुद्धाचा धर्म घ्यायचं ठरवलं होतं, आणि मुंबईतून गाड्या भरभरून माणसं निघाली होती. अण्णांनी रजा उदारपणे दिली, आणि त्या संध्याकाळी व्हरांड्यात या गोष्टीवर ते अशा अभिमानाने बोलले की जणू लक्ष्मणला नागपूरला त्यांनीच पाठवलं होतं. आत्या तेव्हा माजघरात होती, तिच्या कानावर काही गेलं नाही. निघताना लक्ष्मणने मला झाड सोपवून दिलं. रोज दुपारी पाणी, गोणपाट ओलं, आणि ऊन वाढलं तर चटई. मी सगळं केलं, पण बर्फ काही माझ्याकडे नव्हता. चार दिवसांत सुयांची टोकं पिवळी पडली. तो परत आला, तेव्हा अंगात पांढराशुभ्र सदरा होता आणि चेहऱ्यावर काहीतरी मोकळं झाल्यासारखं होतं. मला तो रागावला नाही. पुन्हा पोतं, पुन्हा भुसा, आणि तीन दिवसांत झाड सावरलं.

पौर्णिमेच्या सकाळी आत्याने झाडाची पूजा केली. खोबरं-साखरेच्या प्रसादाचं ताट माझ्या हातात होतं. लक्ष्मण शेजारच्या जास्वंदीला माती ओढत होता. त्याला प्रसाद देण्याची आत्याची रीत अशी की ती वरून टाके आणि तो ओंजळीत झेली. त्या दिवशी तिने चिमूट उचलली, पण ओंजळ पुढे आली नाही. त्याने हाताची माती झटकली आणि उठून उभा राहिला.

"आत्याबाई, मी आता प्रसाद घेत नाय."

आत्याने विचारलं, उपास आहे का?

"नाय. आम्ही बुद्धाचा धर्म घेतला, नागपूरला. राग मानू नका."

आत्याला हे समजायला जरा वेळ लागला. लक्ष्मण बागेत काम करतो म्हणजे माळी, आणि माळी म्हणजे जातीने माळी, असं तिने धरलं होतं, आणि दुसरं काही असू शकतं हे तिला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आम्हां सगळ्यांना माहीत होतं. आमच्या घरात सत्य बोलण्याविषयी फार बोलत, पण आत्याच्या सोवळ्याच्या वाटेला सत्याने जाऊ नये अशी व्यवस्था होती.

"म्हणजे तू माळी नव्हेस?" ती म्हणाली.

"माळीच हाय. बावीस वर्षं झाडांचंच काम करतो," लक्ष्मण म्हणाला.

आत्या चार पावलं मागे सरली, पदर सावरत आत गेली आणि डोक्यावरून अंघोळ केली. मग दुपारी व्हरांड्यात न्यायसभा भरली. अण्णा आरामखुर्चीत, आत्या दाराआड, लक्ष्मण पायरीखाली. त्याच आठवड्यात परळच्या एका सभेत अण्णांनी सांगितलं होतं की मराठी माणसात आता जात उरलेली नाही. टाळ्या फार पडल्या होत्या, असं ते घरी येऊन म्हणालेही होते. लक्ष्मणला ते म्हणाले की माझ्या मनात काहीच नाही, हे तुला ठाऊक आहे, पण घरात वडीलधारं माणूस आहे, त्यांची भावना आहे. बाकी सगळी बाग तुझीच. फक्त या एका झाडाला तूर्त हात लावू नकोस. 'तूर्त' हा शब्द अण्णा कोर्टात फार वापरत. त्याचा अर्थ 'कायमचं, पण माझ्यावर ठपका न येता' असा असतो, हे मला पुढे कळलं.

लक्ष्मणने एकच विचारलं. "आणि पाणी?"

अण्णा म्हणाले, पाणी आत्या घालेल.

"बरं," लक्ष्मण म्हणाला.

त्याने तो हुकूम अक्षरशः पाळला. पुढचे आठ दिवस तो नेहमीच्या वेळी आला, नेहमीच्या वेळी गेला. झारी घेऊन जास्वंद, तगर, कर्दळ सगळ्यांना पाणी घालत यायचा, आणि देवदारापासून हातभर अंतरावर झारी उचलून धरून पलीकडे जायचा. ऑक्टोबरचं ऊन वैशाखाला लाजवणारं होतं. आत्या रोज सकाळी तांब्याभर पाणी घाली, वर तीर्थ, आणि झाड म्लान दिसू लागलं तसं तिने दूध सुरू केलं. शनिवारी पंचामृत झालं. मुंग्या आल्या. त्या पाहून तिने साखरही वाहिली. मांजरं मात्र यायची बंद झाली, त्याचा अर्थ तिने असा लावला की झाडाला विटाळ जाणवला आहे. सुया आधी पिवळ्या, मग तांबूस झाल्या आणि हात लावला की पानगळीसारख्या झडू लागल्या. नवव्या दिवशी लक्ष्मण आला नाही. शेजारच्या घरी काम करणाऱ्या बाईने सांगितलं की त्याला म्युनिसिपालटीच्या बागेत नोकरी लागली.

हे सगळं तिथेच संपलं असतं, पण अण्णांचा लेख घाटावरच्या एका मोठ्या पुढाऱ्यांनी वाचला होता. ते मुंबईला येणार होते, आणि येत्या रविवारी आमच्याच अंगणात, देवदाराशेजारी, छोटी सभा ठरली होती. हस्तपत्रकं छापून झाली होती. गुरुवारी सकाळी अण्णांनी झाडाकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच, आणि आईला म्हणाले की लक्ष्मणला बोलावून आणलं पाहिजे. स्वतः का जात नाही, असं आईने विचारलं नाही. ते म्हणालेच की त्यांना कोर्ट आहे, आणि बाईमाणूस गेलं तर बरं दिसेल.

आई आणि मी बसने वरळीला गेलो. मी त्या चाळीत पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. लांब गॅलरी, कठड्यावर वाळत टाकलेली गोधडी, कुठेतरी सुकट भाजल्याचा वास, आणि समुद्रावरून येणारं वारं इतकं की माझी वेणी उडत होती. लक्ष्मण कामावरून नुकताच आला होता, खाकी शर्टात. त्याच्या बायकोने, सोनाबाईंनी, आम्हांला बाकड्यावर बसवलं आणि न विचारता चहा टाकला. कप समोर आला तेव्हा मी आईकडे पाहिलं. आईने पाहिलं नाही माझ्याकडे, सरळ कप उचलला. चहात आलं होतं, साखर जास्त होती, आणि तो आमच्या घरच्यापेक्षा चांगला होता. आई लक्ष्मणला 'तुम्ही' म्हणाली. आमच्या घरात त्याला कुणीही, मीसुद्धा, कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

तिने झाडाचे हाल सांगितले, दूध, पंचामृत, सगळं. लक्ष्मण खाली मान घालून ऐकत होता. मग तिने विचारलं की तो बर्फ कुठून आणत होतात, निदान तेवढं तरी सांगा. लक्ष्मणने सोनाबाईंकडे पाहिलं. त्या तोंडाला पदर लावून हसू दाबत होत्या. मग त्याने सांगितलं. दादरच्या मासळीबाजारात त्याच्या ओळखीची वरळी कोळीवाड्याची एक कोळीण बसायची. अकरापर्यंत तिची पाटी रिकामी होत आली की तळाचा बर्फ ती फेकून देई. तोच तो पोत्यात भरून आणायचा. पापलेटचा बर्फ, हलव्याचा बर्फ, कोलंबीचा बर्फ. नळावर धुवायचा, पण वास थोडा राहायचाच.

मांजरं, दर्शन, हळदकुंकू, मुळाशी असलेला हिमालय, हे सगळं तिच्या चेहऱ्यावरून एकामागून एक गेलेलं मला दिसलं. मग ती हसायला लागली. कप खाली ठेवून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. सोनाबाई हसल्या, मी हसले, लक्ष्मणसुद्धा मिशीत हसला. माझ्या आईला मी तशी हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. त्या हसण्यात सगळं मिटलं असं मला वाटलं. आईलाही वाटलं असावं, कारण डोळे पुसत ती म्हणाली, "आमचं चुकलं, लक्ष्मणराव. झालं गेलं विसरून या परत."

लक्ष्मणचं हसू गेलं. तो रागावून बोलला नाही, तेच जास्त लागलं.

"बाई, त्या दिवशी साहेब मला सांगत होते, तेव्हा तुम्ही शेजारीच तांदूळ निवडत होता. मी तुमच्याकडं बघितलं होतं. तुम्ही सूप खाली ठेवलं नाय."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"मला हाकलला असता तरी चाललं असतं," तो म्हणाला. "पण आठ दिवस त्या झाडाला माझ्यासमोर मारलं. मी झारी घेऊन बाजूनं जायचो. रोज जायचो. असं कुणाला करायला लावू नये."

गॅलरीतून पोरांचा आवाज येत होता. मी माझ्या कपाकडे बघत बसले, कारण त्या पौर्णिमेला प्रसादाचं ताट माझ्या हातात होतं आणि आत्याला त्याची जात ठाऊक नाही हे मलाही आधीपासून माहीत होतं. लक्ष्मणने मग नेहमीच्या आवाजात सांगितलं की त्याची खुरपी आणि छाटणीची कात्री आमच्या मागच्या पडवीत राहिली आहे, रविवारी सुटी असते, तेव्हा येऊन घेऊन जाईन. बसमध्ये आई खिडकीतून बाहेर बघत होती. दादर आल्यावर एवढंच म्हणाली, त्यांची खुरपी आणि कात्री नीट पुसून ठेव.

बर्फाची गोष्ट तिने फक्त अण्णांना सांगितली. आत्याला नाही. आत्या पुढे वीस वर्षं जगली आणि त्या गारव्याच्या आठवणी सांगत गेली, आणि मीही ही गोष्ट आज पहिल्यांदाच लिहिते आहे. अण्णांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात जाण्याऐवजी काळा कोट घालून, नाकाला रुमाल लावून मासळीबाजारात गेले. ती कोळीण त्यांना सापडली. बरोबर गेलेल्या अण्णांच्या कारकुनाने नंतर सांगितलं की तिने आधी त्यांना सुरमई घ्यायला लावायचा प्रयत्न केला, मग मोठ्याने विचारलं की माळी कुठे गेला. पूर्ण वकिलीत त्यांची अशी उलटतपासणी झाली नसेल. बर्फ आला. कारकुनाने तो दोन पोती भरून आळ्यात ओतला. मेलेल्या माणसाला औषध पाजावं तसं ते होतं. शनिवारी देवदाराला एकही सुई उरली नाही.

तेव्हा अण्णांनी समुद्रकाठच्या एका ओळखीच्या बंगल्यातून सुरूच्या फांद्या मागवल्या, आणि कारकुनाने त्या हिरव्या दोऱ्याने वाळलेल्या खोडाला बांधल्या. लांबून झाड छान दिसत होतं. रविवारी सकाळी अंगणात सतरंज्या पसरल्या, माणसं आली, पुढारी आले. स्थूल, गोड बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सुरूच्या एका फांदीवरून हात फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले की इथे उभं राहिलं की हिमालयाची शीतलता जाणवते. कारकुनाने त्या सकाळी खाली पुन्हा दोन पोती बर्फ ओतला होता, त्यामुळे ती जाणवत असणारच. मग ते म्हणाले की ज्या मराठी हातांनी हे झाड जगवलं, ते हात मला बघायचे आहेत.

अण्णा घुटमळले. नेमका तेव्हाच लक्ष्मण मागच्या फाटकाने आत येत होता, अंगात धुतलेला पांढरा सदरा. अण्णांना देव भेटल्यासारखं झालं. त्यांनी पुढे होऊन त्याला दंडाला धरून सगळ्यांसमोर आणलं, हेच ते आमचे लक्ष्मणराव म्हणाले, आणि पुढाऱ्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला. आत्या दारात उभी होती. आई तिच्या शेजारी. मी पडवीतून खुरपी आणि कात्री घेऊन पुढे आले होते, कारण ती द्यायची होती.

लक्ष्मणने झाडाकडे पाहिलं. दोरे दिसायला त्याला वेळ लागला नाही. एक फांदी त्याने दोन बोटांत धरून पाहिली आणि सोडली.

"साहेब, हे माझं झाड नाय," तो म्हणाला.

मग अण्णांनी पुढाऱ्यांकडे वळून म्हटलं, काय विनय आहे बघा, आमचा मराठी माणूस हा असा असतो. पुढाऱ्यांनी मान डोलावली आणि टाळ्या सुरू केल्या, मग सगळं अंगण टाळ्या वाजवू लागलं. लक्ष्मणने गळ्यातला हार काढून व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवला, माझ्याजवळ आला, माझ्या हातातून खुरपी आणि कात्री घेतली आणि आल्या वाटेने निघून गेला. आई दारात टाळ्या वाजवत होती. माझे दोन्ही हात आता मोकळे झाले होते, तेव्हा मीही वाजवल्या.